टर्बोच्या मागचा बोल्ट

मालेगावात वाशीम रोडला वहाब मिस्त्रीचं गॅरेज होतं. चार महिन्यांपूर्वी त्याला लकवा मारला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताच्या बोटांना काही कळेना. चहाचा पेला धरला तरी चटका जाणवत नसे. तो रोज शटर उघडून बसायचा. गिऱ्हाइकं मात्र दुसरीकडे जाऊ लागली होती.

भगवंतराव तेवढे आले. गावाबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. त्यांच्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला होता.

"परवा सुप्रियाले धनजहून आणाचं हाये. आठवा महिना चालू हाये पोरीले. गाडी तूच कर."

"भाऊ, माहा हात..."

"मले माईत हाये," म्हणत त्यांनी चावी त्याच्या डाव्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहाबनं नवा टर्बो बसवला. तेल परत नेणारी खालची लाइन जोडली, कूलंटच्या दोन्ही नळ्याही क्लिपा आवळून पक्क्या केल्या. राहिली वरची, तेल आणणारी लाइन. तिचा बोल्ट पार मागच्या बाजूला. तिथं नजर जात नाही, बोटांनीच बघावं लागतं. लाइनच्या दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वायसर, म्हणजे चपटी कडी, हवा, नाहीतर तेल गळणार, आणि तेलाशिवाय टर्बो लगेच जळणार. डावा हात तिथं वळेना. उजव्या हातातून वायसर कधी सुटला ते त्याला कळायचंही नाही. तिसऱ्यांदा वायसर खाली पडला, तेव्हा तो चाकाला टेकून बसला.

त्याच वेळी त्याची बायको सरवरी डबा घेऊन आली. तीस वर्षं तिनं घरी ब्लाउज शिवले होते, पण गॅरेजच्या कामाला कधी हात लावला नव्हता. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं डबा खाली ठेवला.

"काय झालं जी?"

त्यानं सांगितलं. ती बांगड्या काढू लागली.

"हे काय करून राह्यली तू?"

"माही बोटं बारीक हायेत. तुमी सांगा, मी लावतो."

"हात काळे होतीन तुहे."

"धुवून घेईन ना मंग."

आधी त्यानं टर्बोच्या तोंडात थोडं ताजं तेल ओतलं. मग तिनं हात आत घातला.

"वायसर हाये का दोन्हीकडं?"

"हाये."

"आता बोल्ट फिरव. जोर नको देऊ. आटा अडला तर उलटा फिरव."

तिनं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाली, "घेतला त्यानं. सरळ चालला."

शेवटी वहाबनं डाव्या हातानं लांब पाना लावून बोल्ट घट्ट आवळला. कूलंट भरलं. तेल वर चढेस्तोवर इंजिन चालू न करता नुसतं फिरवलं, मग चावी पूर्ण फिरवली. दोघं टॉर्च धरून लाइनीकडे बघत उभी राहिली. पाव तास झाला. थेंबही आला नाही.

संध्याकाळी भगवंतराव आले, तेव्हा वहाब म्हणाला, "भाऊ, आतलं काम हिनं केलं. भरोसा नसन तर दुसऱ्याले दाखवून घ्या."

भगवंतराव सरवरीकडे वळले. "भाभी, पोरगी याच गाडीत येईन."

ते गेल्यावर वहाबनं बादली ओढली. सरवरीची बोटं हातात घेऊन साबणाच्या चुऱ्यानं एकेक चोळू लागला. पाणी कोमट होतं. ते त्याला डाव्या हातानंच कळलं.

"राहू द्या, मी धुतो," ती म्हणाली.

"बस जराशी," तो म्हणाला, आणि नखाजवळचं काळं हळूहळू काढत राहिला.