न बंद पडणारी गाडी

आत्माराम भाटकरांना वाद घालण्यासाठी विषय लागत नसे. समोरचा माणूस कानांनी धड असला म्हणजे पुरे. सव्वीस वर्षे जहाजाच्या इंजिनघरात फिटर म्हणून काढून ते रत्नागिरीत, झाडगावला, घर बांधून राहिले होते. रोज संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसून भरतीच्या वेळेपासून सरकारच्या धोरणापर्यंत साऱ्यांचा समाचार घेणे, हा त्यांचा निवृत्तीतला उद्योग. पंचाऐंशीच्या दसऱ्याला त्यांच्या दारात फिकट निळी मारुती आली आणि बाकीचे विषय आपोआप मागे पडले.

धक्क्यावर तशा तीन गाड्या ओळीने उभ्या राहत: एक आत्मारामांची, एक डॉक्टरांची, एक आंब्याचे व्यापारी महिपतशेठ यांची. मालक आपापल्या गाडीला टेकून उभे राहत, आणि सुस्थळी पडलेल्या लेकीविषयी बोलावे तशा समाधानाने बोलत.

"बॉनेट उघडायचं कसं तेच विसरलो बघा," महिपतशेठ म्हणत. "गणपतीपुळ्याला आठवड्यातून दोन खेपा. पाणी मागत नाही, धक्का मागत नाही. जुनी गाडी होती तेव्हा आमची मंडळी देवाआधी मेकॅनिकच्या पाया पडायची!"

"पण भाटकर, जोडणी इथली, रस्ते इथले," डॉक्टर मुद्दाम काडी टाकत. "मग जपानचे एवढे पोवाडे कशाला?"

"पोवाडे नव्हेत डॉक्टर, इतिहास." आत्माराम या क्षणाची वाटच पाहत असत. "या सुझुकीचा मूळ पुरुष विणकराचे माग बनवणारा. एकोणीसशे नऊ साली हमामात्सू गावात त्याने मागांचा कारखाना घातला. महायुद्धानंतर कापडाचा धंदा बसला, तर हे लोक रडत बसले नाहीत. सायकलीला इंजिन लावून विकू लागले. मग मोटारीचे नमुने केले. ते कुठे तपासले? अंगणात फिरवून नव्हे! हाकोने नावाचा घाट आहे, आपल्या परशुराम घाटाचा थोरला भाऊ. कच्च्या रस्त्याने ते नमुने घाट चढवून टोकियोला नेले आणि त्यानंतर गाडी बाजारात आणली. ज्याने आधी घाट चढून दाखवला आणि मग तोंड उघडलं, त्याच्या शब्दाला किंमत असते."

जपानातल्या शिमिझू बंदरात त्यांच्या जहाजाला माल पुरवणारा एक दलाल होता. त्याची इवलीशी गाडी नऊ वर्षे वापरूनही कधी रस्त्यात थांबली नव्हती. ही हकीकत ते दर वेळी शेवटी सांगत आणि प्रत्येक वेळी ती नव्याने पटल्यासारखे स्वतःच मान डोलावत.

माघ संपता संपता एके सकाळी केळशीचा धाकू अंगणात येऊन उभा राहिला. केळशी हे आत्मारामांचे मूळ गाव, आणि धाकू तिथल्या गावकीचा निरोप्या. पण आत्मारामांनी तो कशासाठी आला हे विचारण्याआधीच गाडीचे दार उघडून त्याला आत बसवले.

"बस, बस. धाकू, ही गाडी बंद पडत नाही. उन्हात पडत नाही, पावसात पडत नाही, घाटात पडत नाही."

"कधीच नाय?"

"कधीच नाही! लिहून घे माझ्याकडून."

"मग लय बरां झालां," धाकू मोकळेपणाने म्हणाला. "आप्पा गावकारांनी सांगितलानी, यंदा शिमग्याला आत्मारामाला घेऊनच ये. कमळाताईच्या बागेचा निकाल यंदा करायचाच. मी म्हटलां, त्यांची गाडी दरवर्षी घाटात बसते. आता काय, बंद न पडणारी गाडीच हाय दारात!"

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या काशीबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही. पाहण्याची गरजही नव्हती.

प्रकरण असे होते. आत्मारामांचे वडील सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हा त्यांच्या उशाशी एकटे आत्माराम होते. "विहिरीपलीकडची पोफळीची बाग कमळाची. तिला तिथून उठवू नका," एवढे म्हणून म्हाताऱ्याने डोळे मिटले. कमळा ही धाकटी बहीण, लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी पांढऱ्या कपाळाने माहेरी परतलेली, आणि त्या बागेतल्या खोपीत राहून सुपारीवर पोट भरणारी. थोरला भाऊ हरिश्चंद्र म्हणत होता की बाग सामाईक आहे. खोप मोडून तिथे आपल्या मुलासाठी घर बांधायचे आहे. कागद कसलाच नव्हता. केळशीत अशा तंट्याचा निवाडा शिमग्यात होई, मुंबईची माणसे गावात असताना. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की तिच्यासमोर साक्षीदाराने स्वतः उभे राहून बोलायचे. तिथे निरोप चालत नसे, आणि दुसऱ्याच्या तोंडून आलेला शब्द धरला जात नसे.

आत्मारामांनी बोलायला हवे होते. आणि याच एका ठिकाणी जगाशी भांडणाऱ्या या माणसाची जीभ टाळ्याला चिकटत होती. कारण सतराव्या वर्षी त्यांचा हात धरून त्यांना मुंबईला नेणारा, गोदीच्या दारात तीन महिने हेलपाटे घालून त्यांना जहाजावर चढवणारा, आणि स्वतः मात्र गावात नांगर धरून राहिलेला माणूस हरिश्चंद्रच होता. पहिल्या शिमग्याला जुनी गाडी परशुराम घाटात खरोखरच बसली. भर रस्त्यात गाडी टाकून कसे येणार, असे सर्वांनीच समजून घेतले आणि बैठक पुढच्या वर्षावर गेली. ती सवलत आत्मारामांच्या अंगवळणी पडली. पुढे दर शिमग्याला गाडी बंद पडल्याचा निरोप जाई. जहाजाचे इंजिन उघडून बसवणाऱ्या माणसाला मोटार कशी दुरुस्त होत नाही, असे गावात कोणी विचारले नाही.

आता मात्र गाडी बंद पडत नव्हती, आणि हे साऱ्या रत्नागिरीला त्यांनीच कंठशोष करून सांगितले होते.

धाकू गेल्यापासून त्यांना चैन पडेना. रोज पहाटे ते गाडीचे बॉनेट उघडून, निरोग्याची नाडी पाहत बसलेल्या वैद्यासारखे, कान देऊन उभे राहत. प्लग काढून पाहिले, स्वच्छ होते. तेल पाहिले, पुरेसे होते. पट्टा, बॅटरी, ब्रेक, कशालाही बोट लावायला जागा नव्हती. धक्क्यावरही ते गप्प राहू लागले. महिपतशेठांनी गाडीची स्तुती चालवली की म्हणत, "यंत्र आहे शेठ. यंत्राचा काय भरवसा?" आणि डॉक्टर चकित होऊन त्यांच्या तोंडाकडे पाहत.

"यष्टीने जाऊ या का?" एकदा त्यांनी काशीबाईंना विचारले.

"का? यष्टी बंद पडते म्हणून?"

ते पुन्हा बॉनेट उघडायला उठले.

ठरल्या दिवशी दोघे सकाळीच निघाली. हातखंब्याचा चढ आला. गाडी गुणगुणत चढली. संगमेश्वर, आरवली, सावर्डे मागे पडले. प्रत्येक चढणीला आत्माराम पुढे झुकत, जणू गाडी थकली तर तिला तसे बोलून दाखवायला संकोच वाटू नये. चिपळूण ओलांडले, वाशिष्ठीचा पूल गेला आणि परशुरामाचा घाट सुरू झाला. अर्ध्यावर, दरीच्या बाजूला जरा सपाटी होती तिथे, त्यांनी गाडी थांबवली.

"काय झालं?"

"आवाज येतोय."

"मला नाही आला."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

ते उतरले, बॉनेट उघडून वाकले, आणि कॉइलची वायर हलक्या हाताने उपसून बाजूला केली. सव्वीस वर्षे ज्या हातांनी बिघाड काढले त्यांनी आज पहिल्यांदा बिघाड घातला; काम तितक्याच सफाईने झाले. परत बसून त्यांनी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन काही बोलले नाही.

"बघ," ते म्हणाले. सुटकेचा निःश्वास त्यांना पुरता लपवता आला नाही.

काशीबाईंनी पुढच्या काचेतून उघड्या बॉनेटकडे पाहिले, मग नवऱ्याच्या बोटांवरच्या काळ्या डागाकडे. त्यांनी मागच्या सीटवरची पिशवी घेतली आणि त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. खालून दापोलीची एस.टी. कण्हत चढत होती. त्यांनी हात केला.

"अगं, कुठे निघालीस?"

"केळशीला."

"आणि तिथे जाऊन सांगणार काय?"

"कमळावन्संना सांगते, गाडी ठणठणीत आहे, माणूस बंद पडला."

चढणीवर मंदावलेल्या एस.टी.तून कंडक्टरने हात दिला आणि काशीबाई आत गेल्या. धुराचा लोट वळणाआड नाहीसा झाला.

आत्माराम रस्त्यात उभे राहिले. मनातल्या मनात त्यांनी वाद मांडून पाहिला: भावाचे उपकार एका पारड्यात, मरणाऱ्याचा शब्द दुसऱ्या पारड्यात, शिवाय गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हा त्यांचा जुना, घोटून घोटून गुळगुळीत झालेला मुद्दा. धक्क्यावर तो कोणालाही खोडता आला नसता. इथे ऐकणारे कोणी नव्हते, आणि मुद्दा काही केल्या उभा राहीना. शेवटी स्वतःवरच चरफडत त्यांनी वायर जागेवर बसवली. किल्ली फिरवली तोच इंजिन सुरू झाले. सुझुकीच्या मूळ पुरुषाला या घरगुती भानगडीत पक्ष घ्यायचा नव्हता हे स्पष्टच होते.

भरण्याच्या नाक्यावर त्यांनी एस.टी. गाठली. काशीबाई खाली उतरल्या खऱ्या, पण मारुतीच्या दारावर हात ठेवून थांबल्या.

"बोलणार असाल तर बसते."

"बोलेन."

"भावोजींसमोर?"

"बोलेन म्हटलं ना!"

केळशीला पोहोचले तेव्हा उन्हे कलली होती. सहाणेवर पालखी बसली होती, ढोल बाजूला उतरवून ठेवले होते आणि फणसाखाली पुरुषमंडळी दाटीने बसली होती. बायकांच्या घोळक्यात कमळा उभी होती. तिने भावाला पाहिले आणि पदर सारखा केला. हरिश्चंद्र पुढेच बसला होता. सहा वर्षांत त्याचे खांदे बरेच उतरले होते.

"आलास?" आप्पा गावकार म्हणाले. "देवच पावला म्हणायचा. बोल, बाबान काय सांगितलान?"

आत्मारामांनी वाटभर रचलेली प्रस्तावना मोठी होती. तिच्यात भावाचे उपकार होते, परिस्थिती होती, उभय पक्षांचे गुणदोष होते. पालखीसमोर उभे राहिल्यावर त्यातले एकही वाक्य तोंडात टिकले नाही.

"विहिरीपलीकडची बाग कमळाची, तिला उठवू नका, असं बाबा म्हणाले. मी ऐकलं."

फणसाखाली कुजबुज उठली. मग मागून कोणीतरी ओरडले, "मग इतकी वर्सां का नाय सांगितलंव? गाडी आडवी आली काय?"

हशा पिकला. आत्मारामांच्या कानशिलांवर रक्त चढले. "पहिल्या वर्षी गाडी खरोखरच बंद पडली होती," ते म्हणाले. "पुढच्या वर्षांना मी घरातच होतो."

हशा जसा उठला तसाच विरला. आप्पांनी पालखीला हात जोडले. "झालां तर. बाग कमळाची. हरिश्चंद्रा, तुझा काय म्हणणां?"

आत्माराम भावाकडे वळले. भाऊ आता चिडेल, कृतघ्न म्हणेल, गोदीतले हेलपाटे काढील. त्या प्रत्येकाला उत्तर त्यांनी तयार ठेवले होते. किंबहुना त्यांना ते भांडण हवे होते. भांडणात त्यांना वाट सापडत असे.

हरिश्चंद्र गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला.

"माझा काय म्हणणां नाय," तो म्हणाला. मग वळून, फक्त आत्मारामांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आजाराच्या आधी बाबान मलापण तेच सांगितलान होतं. मला वाटलां, तुला ठाऊक असून तू येत नाहीस, म्हणजे बाग जाऊ नये हे तुझ्यापण मनात हाय. तुझ्याच भरवशावर तर मी रेटत होतो, आत्मा."

तो चपला शोधू लागला. आत्मारामांनी तोंड उघडले. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे वाक्य ओठांपर्यंत आले आणि तिथून मागे फिरले.

कमळा बायकांतून वाट काढत पुढे आली. तिने काय ऐकले आणि काय नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"भाऊ, घरी जाऊ नकोस," ती हरिश्चंद्राला म्हणाली. मग आत्मारामांकडे वळून, "अण्णा, तूसुद्धा. पुरणाचं केलंय. दोघांनी जेवायला यायचंय."

"मला भूक नाय गो," हरिश्चंद्र पुटपुटला.

"भूक कोणी विचारली?"

ती विहिरीच्या दिशेने चालू लागली. काशीबाई तिच्या मागे गेल्या. हरिश्चंद्र क्षणभर घुटमळला आणि मग तोही निघाला. पायवाट अरुंद होती. दोघे भाऊ तिच्यावरून जोडीने चालू शकत नव्हते. आत्माराम मागे राहिले, आणि पुढे चाललेल्या वाकलेल्या पाठीला काय म्हणावे याचा विचार करत चालू लागले. बाग आली तरी त्यांना पहिला शब्द सापडला नव्हता.