आजीबाईचे झाकण

मित्रांनो, प्रयोगशाळेतल्या सगळ्यात खालच्या फळीवर वाकून पाहिलेत, तर मी दिसेन. मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. माझ्यावर लाल शाईने लिहिले आहे, 'खराब. वापरू नये.' ते अक्षर माझ्या ओळखीचे आहे.

माझ्या पोटात बहुलकाची पांढरी पूड आहे. बहुलक म्हणजे छोट्या छोट्या कड्यांची लांबलचक साखळी. ती पाण्यात विरघळते. जस्ताचा क्षार पाण्यात तापवून त्याचे ऑक्साइड करताना अतिशय बारीक स्फटिक जन्मतात. ते मोकळे सोडले, तर एकमेकांना चिकटून वाढतच जातात. माझ्या साखळ्या प्रत्येकाला कवेत घेतात आणि लहानच ठेवतात.

एक संशोधक मुलगी मला आजीबाई म्हणायची. "आजीबाईच्या धाकात पोरं वाढत नाहीत," असे सांगून सगळ्यांना हसवायची. तिच्या प्रबंधासाठी एकाच आकाराचे स्फटिक तीनदा करून दाखवायचे होते. दोनदा जमले. दोन्ही वेळा तिने मला मऊ फडक्याने पुसले.

मग एकदा घाईत तिने माझे झाकण तिरके ठेवले. चार दिवस ते तसेच राहिले. माझी पूड हवेतला ओलावा पिते, हे तिला ठाऊक होते. पुडीच्या गुठळ्या झालेल्या तिने पाहिल्या, चमच्याने फोडल्या आणि न वाळवताच नेहमीचे दोन ग्रॅम मोजून घेतले. त्यात बरेचसे पाणीच होते. साखळ्या कमी पडल्या. स्फटिक वाढले आणि चंबूच्या तळाशी जाऊन बसले.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी चंबू उजेडात धरला. "पूड ओली होती का गं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता सांगेल.

"नाही मॅडम. बाटलीच जुनी झालीय. टाकूनच द्यायला हवी."

त्याच दुपारी लाल शाई आली. माझी पूड वाळवणे काही अवघड नव्हते. भट्टीची थोडी ऊब मला पुरली असती.

आता माझ्या जागी नवी बाटली आहे. काल तिच्याही पुडीने केलेले स्फटिक तळाशी बसले. तिचे झाकण इथून मला दिसते. तिरकेच आहे. या वेळी ती मुलगी कोणाला जुनी म्हणणार?

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की झाकण घट्ट लावा. आणि राहूनच गेले, तर तसे सांगा. ओली पूड वाळवता येते.