शन बाईंचा नंबर

आमच्या शाळेत बाळंतपणालाही नंबर लागायचा. एकाच मुलाची सक्ती उठवून सरकारनं दुसऱ्या मुलाला मोकळीक दिली त्या वर्षी एकाच सत्रात निम्म्या शिक्षिका रजेवर गेल्या. नववीचा, म्हणजे वरच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल घसरला, वर तालुक्याला मुख्याध्यापक पांग सरांना चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. ते स्टाफरूममध्ये आले आणि कुणाच्याच तोंडाकडे न बघता म्हणाले, "एका विषयाची एका वर्षी एकच बाई. आधी कोण, मागून कोण, तुमचं तुम्ही ठरवा. मी पुरुष माणूस, मला जास्त बोलायला लावू नका."

गणिताला दोघी होत्या, शन लानची आणि ताओ मिन. लानचीचं टेबल माझ्या टेबलाला लागून; मी भौतिकशास्त्र शिकवायचे. ती सदतिशीची झाली होती, लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. नवरा दूर युन्नान प्रांतात धरणाच्या कामावर, नवीन वर्षाला आणि शरदातल्या सणाला घरी यायचा तेवढाच. ताओ मिनचं लग्न नुकतंच झालेलं. त्यामुळे पहिला नंबर कुणाचा, हे विचारावंही लागलं नाही. "लानताई आधी," ताओ मिन स्वतःच म्हणाली.

पण थंडी पडायच्या आतच ताओ मिनला कोरडे उमासे यायला लागले. पांग सरांनी तिला बोलावून घेतलं. परत आली ती टेबलावर डोकं ठेवून बसली.

"काय म्हणाले?" लानचीनं विचारलं.

"विचार कर म्हणाले. तू तरुण आहेस, पुन्हा होईल म्हणाले."

लानचीनं लाल पेनाला टोपण लावलं आणि ती सरांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग दारापर्यंत गेले.

"सर, माझा नंबर तिला द्या."

"आणि तुम्ही, शन बाई?"

"मी पुढच्या वर्षी बघेन. यंदाची नववी मी काढते."

सरांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला दारातून ऐकू आला. बाहेर आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "डोकं फिरलंय का तुझं? वय काय तुझं?"

"पोटातल्या मुलाला रांगेत कसं उभं करायचं, शूचन?" ती म्हणाली. "माझं अजून आलेलंच नाही. ते थांबेल."

ताओ मिनला मुलगी झाली. पुढच्या वर्षी सरांनी लानचीला पुन्हा गळ घातली. नववीत आलेला नवा वर्ग सातवीपासून तिच्याच हाताखालचा, पालकही तिचंच नाव घेत होते. "एवढी एक बॅच," सर म्हणाले. लानची थांबली.

त्यानंतर तिला दिवस गेले. नवऱ्याचा रोज फोन यायचा. ती तो जिन्यात उभी राहून घ्यायची आणि हळू आवाजात हसायची. तिला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नववीचे वर्ग चौथ्या मजल्यावर. "सरांना सांग, वर्ग खाली घ्या म्हणून," मी म्हटलं.

"परीक्षा तोंडावर आलीय, आता माझ्यासाठी अख्खा वर्ग हलवायचा? मी सावकाश चढते."

पाचव्या महिन्यात, भर तासाला, ती माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "मुलांना उदाहरण देऊन आलेय," ती म्हणाली. "शूचन, जरा चल माझ्याबरोबर."

दवाखान्यात मी आणि ताओ मिन बाकावर बसून राहिलो. मुलगी होती. नवरा आगगाडीनं पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

पांग सर बाळंतिणीला देतात तशी अंडी आणि लाल साखर घेऊन आले. पिशवी खाटेपाशी ठेवली. लानचीच म्हणाली, "सर, वर्तुळाची उजळणी राहिलीय. ताओ मिनला घ्यायला सांगा." सर मान हलवत बाहेर पडले आणि व्हरांड्याच्या टोकाला बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर डॉक्टर झाले, काढे झाले. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत.

ताओ मिननं मुलीला शाळेत आणणं बंद केलं. सुट्टीला आजी दारात घेऊन आली तरी ती धावत जाऊन त्यांना कोपऱ्यापलीकडे न्यायची. एक दिवस लानचीनं तिला अडवलं. "तिला माझ्यापासून लपवू नकोस. तिनं काय केलंय?" मग तिनं त्या पोरीला कडेवर घेतलं, तिची टोपी नीट केली, आवारात एक चक्कर मारली. नंतर मी हात धुवायला गेले तेव्हा मोरीचं दार आतून लावलेलं होतं आणि नळ नुसता वाहत होता.

आता पांग सर निवृत्त झालेत. गेल्या वर्षी नव्या मुख्याध्यापकांनी बैठक घेतली. खेड्यांतले पहिलीचे वर्ग ओस पडलेत, पुढे आपल्याकडे येणार कोण, असं म्हणत ते तरुण शिक्षिकांकडे वळले. "मुलं होऊ द्या. रजा लगेच मंजूर करतो."

"आम्हाला नको सर, तुम्हीच घ्या रजा," मागून एक जण म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या.

लानची माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे झुकली. "लगेच म्हणाले ना?"

"हो," मी म्हटलं.

मग ती फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा कंपास उचलून उठली. तिचा सातवीवर तास होता. बैठक संपल्यावर मी त्या वर्गावरून गेले. मुलं खाली माना घालून गणित सोडवत होती आणि ती खिडकीशी, वर्गाकडे पाठ करून उभी होती. मी आत गेले नाही.