टेबलावरची सवत

दूर उत्तरेकडच्या वार्दो बेटावर नोव्हेंबरात सूर्य बुडाला की जानेवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. तो गेला की आर्नल्योत अंथरूण धरायचा. उन्हाळ्यात होडीवर गाणी म्हणणारा गडी, पण अंधार पडला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. लग्न झाल्यापासून त्याची बायको बोर्गहिल्ड त्याला अंथरुणातच कॉफी देई, केस विंचरी, दोन घास भरवी. गाव म्हणे, "बोर्गहिल्ड आहे म्हणून तो तगला." ती मान खाली घाली, पण मनातून सुखावे.

यंदा नणंद गुन्व्होर डॉक्टरांनी सांगितलेला दिवा घेऊन आली. पाटाएवढी पांढरी चौकट.

"सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास याच्याजवळ बसव. रोखून बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत. रात्र संपली हे शरीराला कळलं पाहिजे."

"इतकी वर्षं मी सांगतेय ते नाही कळलं, आणि हा पाट सांगणार?"

"तू कॉफी देत होतीस, वहिनीबाई. उजेड नव्हतीस देत."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. बोर्गहिल्डला बरं वाटलं. मग एका सकाळी त्याने आपणहून दाढी केली. पुढे जाळं विणायला काढलं, शीळ घातली. उठला की तिच्याकडे न बघता आधी दिव्याचं बटण दाबी. दुकानात बायका म्हणाल्या, "दिव्याने माणूस उठवला म्हणे." तिचं नाव कुणी काढलं नाही.

सवत परवडली, तिला वाटलं. तिच्या झिंज्या तरी उपटता येतात.

तिची जिरेनियमची फुलझाडं हिवाळाभर तळघरात, अंधारात झोपलेली असत. सूर्य परतल्याशिवाय त्यांना कुणी वर आणत नाही. तिने आणली. दिव्यासमोर कुंड्यांची रांग लावली आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"खाली गारठलीत. थोडे दिवस यांना बसू दे."

आर्नल्योतने कुंड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुझी फुलं. बसू दे."

कुंड्यांना हिरवे कोंब फुटले. आर्नल्योतची दाढी वाढली. जाळं कोपऱ्यात पडलं, आणि एके दिवशी तो उठलाच नाही. तिने अंथरुणात कॉफी नेली, केस विंचरले.

"तू आहेस म्हणून," तो पुटपुटला.

एवढंच ऐकायला ती झुरली होती. स्वयंपाकघरात येऊन कप विसळू लागली आणि कुणीतरी गुणगुणतंय असं तिला ऐकू आलं. ती स्वतःच होती. तिचा हात नळाखाली थांबला. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलाय, आणि मी गातेय.

तिने एकेक कुंडी तळघरात नेली. टेबल पुसलं, दिवा लावला, दोन खुर्च्या मांडल्या. मग त्याचं पांघरूण ओढलं.

"ऊठ."

"फुलं?"

"त्यांना सूर्य येईपर्यंत झोप आहे. तुला नाही."

तो कण्हत कण्हत आला. ती शेजारी बसली. त्या लख्ख उजेडात दोघांच्या सुरकुत्या उघड्या पडल्या.

"मला हा दिवा आवडत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. कुंड्या वर आल्या तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतंस."

थोड्या वेळाने त्याने रिकामा कप पुढे सरकवला. "कॉफी मात्र हा देत नाही."

तिने ओतली. ओतताना दिव्याकडे एकदा तिरकं पाहिलंच.