चौथी लेन

"पहिली रायफल कुठली घ्यावी?" हा प्रश्न त्या शनिवारी चौथ्यांदा आला, तेव्हा पद्माकर गुळवणीने चहाचा मग टेबलावर असा आपटला की शेजारी बसलेल्या डर्मटच्या बिस्किटांवर चहा सांडला. विचारणारा गृहस्थ क्लब बघायला थेट ॲथलोनहून आला होता आणि त्याचा तसा काही गुन्हा नव्हता. पद्माकरने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याने स्वतः टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून लावलेला कागद होता. नवे लोक विचारतात ते अकरा प्रश्न, त्यांची अकरा उत्तरं आणि वर लाल अक्षरांत 'आधी वाचा.' त्या माणसाने तो कागद वरपासून खालपर्यंत नीट वाचला. मग वळून म्हणाला, "हो, पण तुम्हाला काय वाटतं?"

पद्माकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एनिसच्या बाहेर, एका बंद पडलेल्या दगडखाणीत हा नेमबाजी क्लब होता. पत्र्याची लांब शेड, सहा लेन, पन्नास मीटरवर मातीचा बांध. पंचवीस वर्षांपूर्वी भोसरीतली टूलरूम सोडून पद्माकर परदेशात, शॅननच्या एका कारखान्यात आला आणि पहिल्याच हिवाळ्यात एकटेपणाने वेडा व्हायची पाळी आली. तेव्हा त्याच्या गल्लीत टपाल टाकणाऱ्या डर्मटने त्याला या शेडमध्ये आणून सोडलं. पद्माकरने सहा महिने नुसतं बघितलं. कोणाला काही विचारायची त्याची छाती नव्हती आणि कोणी आपण होऊन सांगतही नव्हतं. श्वास कसा सोडायचा, ट्रिगर कसा दाबायचा, हे सगळं तो डर्मटच्या पाठीकडे बघून शिकला. आता तो चौसष्ट वर्षांचा होता आणि सोळा वर्षं क्लबचा रेंज ऑफिसर होता. दंडावर केशरी पट्टी बांधून तो उभा राहिला की त्याच्या शब्दाशिवाय तिथे गोळी सुटत नसे आणि माणूसही हलत नसे. कारखान्यात त्याला कोणी साहेब म्हटलं नाही, निवृत्तीला एक घड्याळ देऊन वाटेला लावलं. त्याची जी काही इज्जत होती ती त्या पट्टीत होती. बायको वृंदा तर म्हणायची की घरात आग लागली तर हा आधी पट्टी काढील, मग मला.

प्रश्नांनी मात्र त्याचा जीव नकोसा केला होता. दर तीन वर्षांनी परवान्याच्या वेळी गार्डा स्टेशनवर, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, नवा पोरगा बसलेला असे आणि तो नव्याने विचारी, तुम्हाला बंदूक कशाला हवी? मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी हमखास विचारायचं, काका, तुम्ही तर अंडंही खात नाही, मग हे कसलं वेड? आणि क्लबात हे नवे. चार व्हिडिओ बघून यायचे, उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारायचे आणि आपलं उत्तर पटलं नाही तर फोन काढून तपासायचे. यावर पद्माकर, डर्मट आणि सेक्रेटरी नोएल चहाच्या टेबलाशी दर शनिवारी तास-तास कुरकुरायचे. खरं सांगायचं तर नेमबाजीपेक्षा या कुरकुरण्यासाठीच ते येत असावेत.

या सगळ्यांत कळस म्हणजे सरिता. नागपूरची, शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघायची. क्लबात येऊन तिला दोन महिने झाले होते आणि तिचे प्रश्न त्या अकरांत बसत नसत. हा दिवा हिरवा कोण करतं? तो बिघडला तर? तुम्ही प्रत्येकाला विचारता, पण लिहून कुठे ठेवता? पद्माकर तिला टाळायला शेडच्या दुसऱ्या टोकाला जायचा, तर ती वही घेऊन तिथे हजर.

चहा झाला आणि पुढची फेरी सुरू झाली. सहा लेनवर सहा जण. प्रत्येकी पाच गोळ्या. गोळीबार थांबला की रेंज ऑफिसरने एकेका लेनमागे जाऊन विचारायचं, "बोल्ट उघडा आहे? झेंडी घातली?" मारणाऱ्याने मोठ्याने "हो" म्हणायचं. मग ऑफिसरने वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, की बोल्ट, म्हणजे नळीमागचा खटका, मागे ओढलेला आहे, नळी रिकामी आहे आणि तिच्यात ती पिवळी प्लास्टिकची झेंडी खोचलेली आहे. सहाही लेन झाल्या की दिवा हिरवा आणि मगच लोकांनी कागद बदलायला बांधापर्यंत जायचं. हा नियम पद्माकरनेच लिहिला होता. फक्त गेल्या काही वर्षांत त्याला एक फट पडली होती. जुन्यांना विचारणं अपमानाचं वाटू लागलं होतं. डर्मट तर विचारलं की म्हणायचा, मी काय शाळेत आहे? मग डर्मटच्या लेनमागून नुसतं मान हलवून पुढे जायचं, असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

त्या फेरीला डर्मट चौथ्या लेनवर होता. पद्माकरने एक, दोन, तीन विचारलं, बघितलं. तेवढ्यात मागच्या रेलिंगवरून ॲथलोनच्या माणसाने हाक मारून विचारलं की वापरलेली रायफल घेतली तर चालेल का. तो कागदावरचा पाचवा प्रश्न होता, उत्तरही तिथेच होतं. पद्माकर दातओठ खात त्याच्याकडे वळला, एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि परत वळून पाचव्या लेनशी गेला. मग सहाव्या. मग त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"काका," दुसऱ्या लेनवरून सरिता म्हणाली, "चार नंबरची झेंडी दिसत नाहीये मला इथून."

"बघितलंय मी सगळं."

"चारची पण बघितली?"

"सरिता, सोळा वर्षं मी हे करतोय. पुरे आता तुझे प्रश्न."

दिवा हिरवा झाला. ती आणि आणखी तिघं पुढे गेली. डर्मटला गुडघ्यांचा त्रास, म्हणून त्याचा कागद नेहमी दुसरंच कोणी बदलायचं. त्या दिवशी तो सरिताने बदलला. चौथ्या लेनच्या बरोबर समोर उभं राहून, चारही कोपऱ्यांना नीट टाचण्या लावून, सावकाश.

सगळे परत आले. डर्मटने बोल्ट मागे ओढला आणि नळीतून एक अख्खी, न उडालेली गोळी बाहेर पडून चटईवर घरंगळली. पाचच्या जागी त्याने सहा भरल्या होत्या. डर्मटने तिच्यावर टोपी ठेवली. मग मान वळवून त्याने पद्माकरकडे बघितलं आणि डोळा मारला. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

पद्माकरने फेरी तिथेच थांबवली, सहाही लेन एकेक करून तपासल्या आणि डर्मटला चहाच्या खोलीत बोलावलं. नोएलही आला. डर्मटने गोळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला की झालं ते झालं, कोणाला काही लागलं नाही, सगळं ग्रँड आहे. नोएलने दार लावून घेतलं. त्याचं म्हणणं पडलं की हे क्लबच्या नोंदवहीत लिहिलं तर डर्मटच्या परवान्याचं काय होईल सांगता येत नाही, वयही शहात्तर. आणि पद्माकर, तुझी पट्टी जाईल. नियम तूच लिहिलायस. न तपासता माणसं पुढे सोडणाऱ्याला पुन्हा कधीही ती बांधता येणार नाही.

"म्हणजे गप्प बसायचं," पद्माकर म्हणाला.

"बाहेर कोणालाच माहीत नाही रे," नोएल म्हणाला.

पद्माकर चिडला होता आणि आता तो नव्या लोकांवर चिडला नव्हता. या दोन म्हाताऱ्यांवर, त्या मारलेल्या डोळ्यावर आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या तोंडातून निघालेल्या "बघितलंय मी" वर तो चिडला होता.

"हीच सहावी गोळी सरिताच्या रायफलीतून पडली असती," तो म्हणाला, "तर आज तिला आपण दाराबाहेर काढलं असतं. वर तासभर बोललो असतो, की ही नवी माणसं कशी बेजबाबदार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. वही दे."

आपला तो बाब्याचं इंग्रजी त्याने कसंबसं केलं, पण डर्मटला ते पोचलं असावं. त्याने टेबलावरची गोळी नोएलकडे सरकवली. मग म्हणाला, "लिही. माझंही नाव लिही." नोएलने वही दिली. पद्माकरने तारीख, वेळ, लेन, दोन्ही नावं लिहिली. 'कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'विचारलं नाही.' दंडावरची पट्टी सोडून, गुंडाळून त्याने ती वहीवर ठेवली आणि तो बाहेर आला.

सरिता पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत सामान ठेवत होती. बारीक पाऊस लागला होता. पद्माकर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. वाटेत त्याने दोन-तीन सुरुवाती जुळवल्या होत्या, त्या सगळ्या गळून पडल्या.

"तू चारसमोर उभी होतीस तेव्हा त्या रायफलीत गोळी होती," तो म्हणाला. "बोल्ट बंद होता. मी बघितलं नव्हतं. बघितलं म्हणालो, ते खोटं होतं."

ती आता विचारेल, याची त्याला खात्री होती. का नाही बघितलं? मी सांगितलं तरी का नाही बघितलं? किती वेळा असं झालंय? सगळ्यांची उत्तरं द्यायची, एकही टाळायचं नाही, असं ठरवून तो आला होता.

सरिताने त्याच्याकडे बघितलं. तिच्या ओठांचा रंग गेला होता. तिने डिकी बंद केली, ती लागली की नाही ते दाबून बघितलं, गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत राहिली. गाडी सुरू झाली नाही.

शेडमधून कोणीतरी पद्माकरला हाक मारली. तो गेला नाही. तिने काच खाली केलीच तर आपण तिथे असावं, म्हणून तो पावसात उभा राहिला.