आणखी दोन वाव

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, शेवटचे पाहुणे गेले त्या सकाळी, बाप होडीत बसून कमरेचा दोर मोजत होता. दोन्ही हात फाकवले की एक वाव. सगळे त्याला पाणबुड्याच म्हणत. तो शिंपले काढायला श्वास रोखून तळाशी जायचा आणि बायको वर दोर धरून बसायची. त्यांचा संसारच असा चालला होता.

"आणखी दोन वाव जोड," तो म्हणाला.

"आहे तेवढा पुरे."

"शिंपल्यांना सांग तसं. खाली जाऊन बसलेत."

ती हसली नाही. हवामान खात्यातला भाचा लग्नाला आला होता, त्यानं जेवता जेवता समजावलं होतं. काही वर्षांनी वारे मंदावतात, दूरच्या समुद्रातलं गरम पाणी जागा सोडून सरकतं. त्याच्यामागोमाग ढग सरकतात, पाऊस भरसमुद्रातच पडून जातो आणि आपल्याकडचं पाणीही तापतं. शिंपले गारव्याला खोल गेले ते त्यामुळे, आणि शेत कोरडं राहिलं तेही त्यामुळेच. मामीनं एवढंच विचारलं, की हे निवणार कधी. बहुतेक वर्षभरात, तो म्हणाला. नक्की कुणालाच सांगता येत नाही.

"वर्षभर कळ काढू," ती आता म्हणाली. "मी कुठंही कामाला जाईन."

"आणि मी काय, घरी बसून समुद्राला पंखा घालू?"

मग आवाज उतरवून तो म्हणाला, की तिला भीती वाटत असेल तर राहू दे, दोर धाकटा भाऊ धरेल. दीर मनाचा चांगला होता. पण गप्पांना लागला की हातात काय आहे याचं त्याला भान नसायचं. वर ओढ म्हणून खालून येणारा हिसका हलका असतो, तो बोटांनी ऐकावा लागतो.

तिनं घरातून दोराचा तुकडा आणला. गाठ स्वतः मारली, दातांनी आवळली, दोनदा ओढून पाहिली. नवरा धाकट्याला हाक मारायला उठला होता.

"बसा खाली," ती म्हणाली. "मीच धरते."

गाठ सुटली नाही. हिसका आल्याबरोबर तिनं ओढायला घेतलं. अंतरच जास्त होतं.

पुढल्या वर्षी पाणी निवलं. पाऊस वेळेवर आला. शिंपले इतके वर आले, की शेजारच्या बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून ते वेचू लागल्या.

पाणबुड्या वारला तो आदल्या वर्षी, लग्नाच्याच उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी. समुद्र अगदी शांत होता.