बाक वाजवणारा हात

दौलतराव पाच वर्षं दिल्लीत खासदार होते आणि तेवढ्यात त्यांनी सभागृहातले तीन बाक वाजवून वाजवून निकामी केले. चौथा बसवायला आलेला सुतार जाताना त्यांच्या तळव्याचं माप घेऊन गेला. पुढची निवडणूक हरून ते घरी, परदेशीपुऱ्यात परतले, पण हरल्याचं हाताला कोणी कळवलंच नाही. समोरच्याने वाक्य जरा ठासून संपवलं की हात आपोआप उठायचा आणि धाड. एका शोकसभेत ‘काळाने घाला घातला’ यावर त्यांनी टेबल वाजवलं, तेव्हापासून पत्नी उषाताईंनी घरातल्या तिपाईला गादीच बांधली.

त्या रविवारी गादी सोडली होती. नातीला, ऋजुताला, बघायला पाहुणे आले होते आणि पोह्यांच्या बशा ठेवायला दुसरी जागा नव्हती. ऋजुता शहराबाहेर, राऊ गावच्या कॉलेजात शिकवायची. तिची अट एकच, नोकरी सुटणार नाही. ते बोलायचं काम तिने आजोबांवर टाकलं होतं.

“एवढी विधेयकं पास करवलीत, हे एक करा.”

दिल्ली आपल्या जोरावर चालायची, असं परतल्यापासून वीस वर्षं सांगितल्यावर दौलतराव नाही कसं म्हणणार?

मुलाचे, प्रणवचे, वडील लक्ष्मीकांतजी बशी हातात घेऊन म्हणाले, “देखो साहेब, अपने यहां सीधी गोष्ट आहे. सून आली, घर भरलं. नौकरी-वौकरीची तिला जरूरतच नाही.”

धाड. शेव उडून लक्ष्मीकांतजींच्या कुर्त्यावर पडली.

“लो, साहेबांनीच मंजूर केलं,” ते शेव झटकत म्हणाले.

ऋजुताने आजोबांकडे पाहिलं. रागाने नाही, मतदार बघतात तसं.

दौलतरावांनी हात मांडीखाली दाबला. आता एकतर नातीची नोकरी जाणार होती, नाहीतर वीस वर्षांच्या गोष्टी.

“लक्ष्मीकांतजी, ही मंजुरी नव्हे. हा हात मागच्या रांगेत बसून बिघडलाय. पुढचे वाजवायचे, म्हणून मी वाजवायचो. कशावर वाजवलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं.”

“पण रेल्वेचं ते बिल तर तुमच्यामुळेच...” लक्ष्मीकांतजी म्हणाले.

“तेव्हा मी झोपलो होतो.”

“मला ठाऊक होतं,” उषाताई आतून म्हणाल्या.

दौलतराव लक्ष्मीकांतजींना म्हणाले, “तुमचं आजचं मात्र ऐकलं आणि कळलंही. आमचा विरोध आहे. ऋजुता नोकरी सोडणार नाही.”

लक्ष्मीकांतजी उठले. “चल रे प्रणव.”

प्रणव उठला नाही. पोह्यांवर जिरावणाचा मसाला भुरभुरत त्याने ऋजुताला विचारलं, “राऊची बस किती वाजता असते?”

“सव्वासातला.”

“म्हणजे डबा साडेसहाला. जमेल, मी लवकर उठतो.”

लक्ष्मीकांतजी एका पायात चप्पल घालून दारात बराच वेळ उभे राहिले.

“थांबत असाल तर चहा टाकते,” उषाताई म्हणाल्या.

“टाका,” ते म्हणाले. “शक्कर कमी.”